खेळांतून शिकवलेले इंग्रजी शब्द मुलांच्या लक्षात राहत नाहीत : मदत हवी आहे

गोदाकाठ
मी पंचवटीत संध्याकाळी लहान मुलांचा वर्ग घेते आणि खेळांतून इंग्रजी शब्द शिकवते. चित्रांची कार्डे, जोड्या लावणे, ‘शिवाजी म्हणतो’ असे नेहमीचे सर्व खेळ घेऊन झाले आहेत. खेळताना मुले मोठ्या आवाजात शब्द म्हणतात, परंतु दोन-तीन दिवसांनी तेच कार्ड समोर धरले की गप्प बसतात किंवा वाघाला सिंह आणि सिंहाला वाघ म्हणतात. शनिवारी पालकसभा आहे. कृपया सर्वसाधारण सल्ला न देता नेमका कोणता खेळ घ्यावा, एवढेच सांगावे.

सातपूरकर
ताई, मुलांचे वय काय, ती कोणत्या माध्यमाच्या शाळेत जातात आणि आपण एका आठवड्यात किती नवे शब्द घेता, हे कळल्याशिवाय खेळाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. ‘शिवाजी म्हणतो’ खेळताना मुले स्वतः शब्द उच्चारतात, की आपली आज्ञा ऐकून केवळ कृती करतात, हेही लिहावे.

पाटी-पेन्सिल
मुलांना चौरेघी वही द्यावी आणि प्रत्येक शब्द रोज पाच वेळा लिहून घ्यावा. अक्षर वळणदार होते आणि स्पेलिंगही पक्के होते. आमच्या वेळी हेच केले जात असे.

दिंडोरीचे गुरुजी
स्पेलिंगचा प्रश्न येथे कोणी विचारलेलाच नाही. २००० सालापासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हापासून मी लहान वर्गांना शिकवत आलो आहे, आणि माझे ठाम मत असे आहे की मुलांना बोलायला लावण्याची घाई करू नये. जेम्स अ‍ॅशर यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या पद्धतीत मूल आधी आज्ञा ऐकते, शरीराने प्रतिसाद देते आणि तयारी झाली की आपण होऊन बोलते. यासाठी आपला ‘चिमणी भुर्र’ हा खेळ उत्तम आहे. ‘पॅरट फ्लाइज’ म्हटले की बोट वर, ‘बकेट फ्लाइज’ म्हटले की बोट जमिनीवरच. म्हणजे शब्दाचा अर्थ कळल्याशिवाय मुलाला बरोबर खेळताच येत नाही.

कॉलेजरोड
गुरुजींबद्दल आदर आहे, तरी मी सहमत नाही. ऐकून ओळखणे वेगळे आणि समोर काही नसताना शब्द आठवून म्हणणे वेगळे. ताईंची मुले दुसऱ्या ठिकाणी अडत आहेत. ताटात चमचा, किल्ली, बटण, कंगवा अशा सहा वस्तू ठेवाव्यात, मुलांना डोळे मिटायला सांगून एक वस्तू काढून घ्यावी आणि ‘काय हरवले?’ असे विचारावे. नाहीशा झालेल्या वस्तूचे नाव मुलाला स्वतःच शोधावे लागते, आणि या शोधण्यानेच ते पक्के होते.

गोदाकाठ
मुले पाच ते सात वर्षांची असून सर्व मराठी माध्यमाची आहेत. पालकांना यादी दाखवावी लागते, म्हणून एका आठवड्यात वीस प्राणी आणि पुढच्या आठवड्यात वीस फळे असे मी घेते. ‘शिवाजी म्हणतो’मध्ये मुले केवळ कृती करतात. मात्र माझा प्रश्न अजूनही खेळाचाच आहे.

सातपूरकर
अडचण खेळात नसून यादीत आहे. एकाच गटातले अनेक नवे शब्द एकदम दिले की ते एकमेकांत गुंततात. वाघ-सिंहाची अदलाबदल त्यामुळेच होत असावी. थॉमस टिंकहॅम यांनी १९९३ मध्ये आणि रॉब वॅरिंग यांनी १९९७ मध्ये प्रयोगांतून हेच दाखवले होते.

दिंडोरीचे गुरुजी
ते प्रयोग मोठ्या वयाच्या लोकांवर झाले होते. लहान मुलांना ‘प्राणी’ हा गट आवडतो आणि पाठ्यपुस्तकेही गटांनुसारच रचलेली असतात. तरीही वीस शब्द फार होतात, हे मला मान्य आहे.

सातपूरकर
मग दोन्ही सांभाळता येईल. आठवड्याला सहा-सात शब्द घ्यावेत आणि त्यांत एक प्राणी, एक फळ, एक रंग, घरातील एखादी वस्तू आणि ‘जम्प’सारख्या एक-दोन क्रिया असाव्यात. पहिल्या दिवशी गुरुजींचा खेळ, दुसऱ्या दिवशी ताटाचा खेळ, मग एक दिवस सोडून पुन्हा ताट, आणि पुढील आठवड्यात नव्या वस्तूंमध्ये जुन्या दोन मिसळाव्यात. कार्डांचा क्रम दर वेळी बदलावा, कारण मुले चित्राऐवजी क्रमच पाठ करतात. मूल अडले तर लगेच उत्तर न सांगता पहिला ध्वनी तेवढा द्यावा.

गोदाकाठ
हे उद्यापासून सुरू करते. परंतु शनिवारी पालकांना वीस शब्दांची यादी हवी असणार, त्यांना काय दाखवू? शिवाय एक मुलगी सर्व खेळांत असते, पण तोंड उघडतच नाही.

कॉलेजरोड
सभेत यादी वाचून दाखवण्याऐवजी पालकांसमोर ताटाचा खेळ घ्यावा आणि वस्तू काढण्याचे काम एखाद्या आईकडे द्यावे, म्हणजे हा खेळ घरीही सुरू होईल.

दिंडोरीचे गुरुजी
त्या मुलीला सर्वांसमोर बोलायला लावू नये. तिला ‘चिमणी भुर्र’मध्ये राज्य द्यावे आणि सुरुवातीला आपण तिच्या कानात शब्द सांगून तो तिच्याबरोबर म्हणावा, सोबत आवाज असला की अशी मुले बोलू लागतात.