इंग्लंडमधल्या सरकारी विधी सहाय्याची टेंडरं: दराची बोली नकोच

लेस्टरकर

गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळावा हे तत्त्व आपल्याकडेही आहे. पण इंग्लंड-वेल्समध्ये हे काम सॉलिसिटरांच्या (म्हणजे अशिलाचं काम थेट घेणाऱ्या वकिलांच्या) खाजगी फर्म टेंडर भरून मिळवतात, हे भारतातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. मी लेस्टरमधल्या अशाच एका छोट्या फर्ममध्ये काम करतो. भाड्याचं घर जाणं, बेघर होणं, घराची दुरुस्ती न होणं, असं आमचं काम. टेंडरची कागदपत्रं तयार करायची जबाबदारीही माझ्याकडे असते, म्हणून हा धागा.

आधी पद्धत सांगतो. लीगल एड एजन्सी ही सरकारी संस्था दर काही वर्षांनी नवीन कंत्राट काढते. फर्म ऑनलाइन पोर्टलवर अर्ज भरते. पहिल्या भागात फर्मची आर्थिक स्थिती, कोणावर शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, वगैरे. दुसऱ्या भागात खरं काम: त्या भागात कार्यालय आहे का, त्या विषयातला पात्र सुपरवायझर आहे का, त्याच्या हाताखाली किती केसवर्कर, गुणवत्तेचं प्रमाणपत्र आहे का. एखादा पुरावा वेळेत चढवला नाही तर अख्खा अर्ज बाद होऊ शकतो. दिवाणी कामात मग वर्षाला किती नवीन प्रकरणं घेता येतील तो आकडा मिळतो. फौजदारीत पोलीस ठाण्याच्या आणि मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या ड्युटीच्या पाळ्या मिळतात, म्हणजे स्वतःचा वकील नसलेल्या आरोपींचं काम.

या अर्जात एक रकाना नसतो, तो म्हणजे दर. प्रत्येक कामाची फी सरकार नियमाने ठरवतं आणि सगळ्यांना तीच मिळते. माझं म्हणणं असं की तो रकाना कधीही येऊ नये, आणि पात्र ठरणाऱ्या प्रत्येक फर्मला कंत्राट मिळावं. मोजकीच कंत्राटं ठेवून बाकीच्यांना बाहेर काढायची कल्पना जेव्हा जेव्हा आली तेव्हा नुकसानच झालं. दराची बोली हे त्याच कल्पनेचं सर्वांत घातक रूप.

तो प्रयत्न झाला होता. एप्रिल २०१३ मध्ये तेव्हाचे न्यायमंत्री ख्रिस ग्रेलिंग यांनी फौजदारी कामासाठी दराच्या बोलीचा प्रस्ताव मांडला. सुमारे १,६०० कंत्राटं ४०० वर आणायची. चालू दरापेक्षा निदान १७.५ टक्के कमी बोली लावायची. आरोपीने स्वतःचा वकील निवडायचा नाही, जो वाट्याला येईल तो घ्यायचा. ही तिसरी अट मला सर्वांत भयंकर वाटते. चांगलं काम केलं म्हणून अशील पुन्हा आपल्याकडे येईल, ही फर्मवरची शेवटची नैतिक पकडसुद्धा त्यात सुटत होती. खटला लढवण्यात जितका वेळ जाईल तितका तोटा, गुन्हा कबूल करायला लावला की फायदा, अशा जागी फर्मला उभं करायचं आणि वर आरोपीला म्हणायचं की तुला दुसरीकडे जाता येणार नाही. वकिलांनी प्रचंड विरोध केला. आधी निवडीचा हक्क परत आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बोलीचा प्रस्तावही मागे घेतला गेला.

हा विषय पुन्हा कधी ना कधी वर येणार. पैसे कमी पडले की प्रत्येक सरकारला बोली आठवते. म्हणून वाचकांची मतं हवी आहेत, विरोधी असली तरी.

हिशेबनीस

लेस्टरकर, मांडणी स्वच्छ आहे, पण मी तुमच्या विरुद्ध बाजूचा. माझी सगळी नोकरी सरकारी खरेदीत गेली.

करदात्याच्या पैशाने घेतलेल्या प्रत्येक सेवेला दराची स्पर्धा लागू होते. रुग्णालयाचं जेवण, शाळेची बस, वृद्धांची घरी जाऊन केलेली शुश्रूषा, सगळ्याला. शुश्रूषेतही माणसाचा जीव असतो. मग वकीलच वेगळे का?

दुसरं, तुमच्या पद्धतीत दर सरकार ठरवतं. त्याचं काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत. दिवाणी विधी सहाय्याच्या फीमध्ये १९९६ नंतर सर्वसाधारण वाढच झाली नाही, उलट २०११ मध्ये १० टक्के कपात झाली. फौजदारीत मार्च २०१४ मध्ये ८.७५ टक्के कपात. खरी बोली असती तर १९९६ च्या दराला २०१० साली कोणी फर्म आली नसती, आणि सरकारला दर वाढवावा लागला असता. बोलीतून निदान खरा खर्च किती हे कळतं. नियमाने ठरवलेल्या दरात फक्त अर्थखात्याची मर्जी कळते.

तिसरं. २०१० चं कौटुंबिक कामाचं टेंडर कोसळलं, २०१५ चं ड्युटी कंत्राटांचं कोसळलं. दोन्हींत दराची बोली नव्हती! मग दोष दराचा कसा?

वैदेही_दुभाषी

मी कोर्टात दुभाष्याचं काम करते, बहुतेक वेळा गुजराती आणि हिंदी, कधीतरी मराठी. हिशेबनीस, शुश्रूषेत आणि वकिलीत मोठा फरक आहे. जेवण निकृष्ट असेल तर रुग्णाला पहिल्या घासाला कळतं. वकिलाने कोणता मुद्दा मांडलाच नाही हे अशिलाला कधीच कळत नाही. घर गेलं एवढंच कळतं. ज्याला मालाची पारख करता येत नाही त्याच्यासाठी दुसराच कोणी स्वस्तात माल घेतो, अशी ही खरेदी आहे.

घर रिकामं करून घेण्याच्या दाव्यांच्या दिवशी कोर्टात ड्युटी सल्लागार बसलेला असतो. अशील सुनावणीच्या जेमतेम काही मिनिटं आधी त्याला भेटतो, हातात पत्रांची चुरगळलेली पिशवी. त्या मिनिटांत सल्लागाराला हाउसिंग बेनिफिट (घरभाड्यासाठीची सरकारी मदत) कुठे अडकलं, कौन्सिलच्या (पालिकेच्या) कोणत्या विभागाला फोन करायचा, हे माहीत असावं लागतं. ती माहिती त्या गावात वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाकडे असते. २०१७ मध्ये सरकारने कोर्टातल्या या ड्युटी सल्ल्याच्या योजना ११३ वरून ४७ वर आणायचं ठरवलं, म्हणजे एकेक कंत्राट मोठं, आणि त्यात दराची स्पर्धाही होती. लॉ सेंटर्स नेटवर्क (मोफत कायदेसल्ला देणाऱ्या लॉ सेंटरांची संघटना) हायकोर्टात गेलं आणि जून २०१८ मध्ये न्या. अँड्र्यूज यांनी तो निर्णय रद्द केला. मोठी कंत्राटं जास्त टिकाऊ असतात या गृहीतकाला आधारच नव्हता. लॉ सेंटरमधून त्या अशिलाला पुढे कर्जाचा सल्ला मिळतो, बेनिफिटचं अपील होतं, हे सगळं त्या हिशेबात धरलंच नव्हतं.

सातारा_कोर्ट

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. मला तुमच्या दोघांचंही पटत नाही. टेंडरच कशाला?

आपल्याकडे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात बोलीचा विचारसुद्धा नाही. कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतला माणूस यांना उत्पन्न न बघता वकील मिळतो. त्याआधी १९७८ मध्ये होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की ज्याला ऐपत नाही अशा कैद्याला अपिलासाठी वकील देणं ही राज्याची जबाबदारी. पूर्वी सगळी मदार पॅनेलवरच्या वकिलांवर होती. फी इतकी तुटपुंजी की चांगला वकील पॅनेलवरचं काम शेवटी ठेवतो. हे आमच्या बाररूममध्ये सगळ्यांना माहीत आहे. २०२२ पासून नाल्साने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) फौजदारी कामासाठी पूर्णवेळ बचाव वकिलांची पद्धत आणली: मुख्य, उप आणि सहाय्यक, ठरावीक मानधन, खाजगी वकिली बंद. तो माणूस रोज त्याच कोर्टात असतो, तुरुंगातही जातो. फर्मचा नफा मधे येत नाही.

इंग्लंडने हेच करावं.

लेस्टरकर

सातारकर, इंग्लंडमध्ये पगारी बचाव वकील २००१ पासून आहेत, पब्लिक डिफेंडर सर्व्हिस. पण तिची कार्यालयं अगदी मोजकी राहिली. एकाच गुन्ह्यातले दोन आरोपी एकमेकांकडे बोट दाखवत असतील तर एकच कार्यालय दोघांना सांभाळू शकत नाही, त्यामुळे खाजगी फर्म लागतातच. आणि ज्या खात्याच्या तिजोरीतून पगार त्याच खात्याने कपात केली तर तो वकील संपावर जाणार का? माझा पगारी पद्धतीला विरोध नाही, ती सोबतीला असावी. एकटी नको.

हिशेबनीस, तुमचा तिसरा मुद्दा बरोबर जागी लागतो. म्हणूनच मी सुरुवातीला 'मोजकीच कंत्राटं' हे शब्द वापरले. २०१० मध्ये कौटुंबिक काम करणारी कार्यालयं सुमारे २,४०० वरून १,३०० वर आली. गुण कशाला मिळणार होते? केसवर्करकडे तज्ज्ञ वकिलांच्या विशिष्ट पॅनेलचं सदस्यत्व असेल तर. पण ते सदस्यत्व मिळवायला वेळ मिळेल इतक्या आधी हे सांगितलंच गेलं नाही. लॉ सोसायटी या सॉलिसिटरांच्या संघटनेने दावा लावला आणि हायकोर्टाने सप्टेंबर २०१० मध्ये ते टेंडर बेकायदा ठरवलं. २०१५ मध्ये ८५ विभागांत ५२७ ड्युटी कंत्राटं. ज्याला मिळालं नाही त्याच्याकडे फक्त स्वतःचे जुने अशील उरणार, पोलीस ठाण्याची पाळी नाही, म्हणजे हळूहळू दुकान बंद. निकाल लागले आणि दाव्यांची रांग लागली. जानेवारी २०१६ मध्ये तेव्हाचे न्यायमंत्री मायकेल गोव्ह यांनी ती योजना सोडून दिली तेव्हा ९९ दावे चालू होते, असं त्यांच्याच निवेदनात आहे. अर्ज तपासायला थोडक्या प्रशिक्षणावर तात्पुरती माणसं बसवल्याचे आरोपही झाले होते. फर्मच्या सगळ्या नोकऱ्या निबंधवजा उत्तरांच्या गुणांवर टांगल्या की असंच होणार. ज्यांना कंत्राट मिळालं त्यांनी नवीन माणसं घेतली होती, ज्यांना मिळालं नाही त्यांनी माणसं कमी करायची तयारी केली होती, आणि शेवटी दोघांचंही काही खरं नव्हतं. त्या महिन्यांत किती तरुण सॉलिसिटर फौजदारी काम सोडून गेले हे मी जवळून पाहिलं. ते परत आले नाहीत. लॉ सोसायटीने २०१८ मध्ये मोजलं तेव्हा फौजदारी ड्युटी सॉलिसिटरचं सरासरी वय ४७ निघालं.

आता तुमचा दुसरा मुद्दा, जो सगळ्यांत ताकदीचा आहे. बोलीने दर वाढला असता असं तुम्ही म्हणता. खरेदीदार एकच असेल, आणि त्याने आधीच कमाल मर्यादा घातली असेल, तर दर वर कसा जाणार? २०१३ च्या प्रस्तावात १७.५ टक्के कपात हा बोलीचा आरंभबिंदू होता. त्याच्या खाली कितीही जा, वर नाही. शिवाय दहा माणसांची फर्म बंद पडू नये म्हणून मालक तोट्यातही बोली लावतो. त्या आकड्यातून खर्च कळत नाही, भीती कळते.

फिनिक्सकर

अमेरिकेतला एक दाखला देतो, कारण तो मी राहतो त्याच राज्यातला आहे. ॲरिझोनातल्या मोहावे काउंटीत गरीब आरोपींच्या बचावाचं काम सीलबंद बोली मागवून कमीत कमी दराला देत असत. १९८४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टेट विरुद्ध स्मिथ खटल्यात ही पद्धत मान्य केली नाही. प्रत्येक खटल्याला किती वेळ लागेल, तपासनीस आणि तज्ज्ञांचा खर्च कोण देणार, वकिलाची कुवत खटल्याच्या गुंतागुंतीला पुरेशी आहे का, यातलं काहीच ती पद्धत धरत नव्हती. वकील मनाने कितीही चांगला असो, एवढ्या खटल्यांत तो प्रत्येकाला न्याय देऊ शकत नाही हे न्यायालयाने ओळखलं.

लेस्टरकरांशी सहमत.

हिशेबनीस

फिनिक्सकर, दाखला चांगला, पण तो 'फक्त कमीत कमी दर' या पद्धतीविरुद्ध आहे. आपल्याकडे ज्याला एल-वन म्हणतात ते. मीही एल-वनच्या विरुद्ध आहे. मी गुणवत्तेला ७० आणि दराला ३० गुण द्या म्हणतो. किमान दराची पायरी ठेवा, त्याखालची बोली आपोआप बाद.

आणि गुणवत्ता मोजता येत नाही हे मला मान्य नाही. इंग्लंडमध्ये स्वतंत्र, अनुभवी वकील फर्मच्या बंद फाईली तपासून १ ते ५ श्रेणी देतात. १ म्हणजे उत्कृष्ट, ५ म्हणजे नापास. हे साधन हाताशी असताना टेंडरमध्ये कार्यालय कुठे आहे आणि सुपरवायझर किती, एवढंच विचारतात. प्रत्येक फर्मची श्रेणी जाहीर करा, तिच्यावर गुण द्या. वैदेहीताई म्हणतात अशिलाला पारख नाही. मग त्याला ती श्रेणी दारावर लावलेली दिसू दे.

वैदेही_दुभाषी

श्रेणी दारावर लावायला माझा पूर्ण पाठिंबा. पण ७०-३० मध्ये काय होतं ते कोर्टाच्या दुभाष्यांनी भोगलंय. २०१२ पासून आमचं काम एका मोठ्या कंत्राटात गेलं. दर पडले, अनुभवी लोक सोडून गेले, दुभाषी न आल्याने सुनावण्या तहकूब झाल्या. संसदेच्या समित्यांनी त्यावर कडक अहवाल दिले. कागदावर तिथेही गुणवत्ता होतीच.

लेस्टरकर

फाईल-तपासणीची श्रेणी जाहीर करायला माझीही हरकत नाही. फक्त ती तपासणी नियमित आणि सगळ्यांची व्हायला हवी, त्याला पैसे लागतात.

दराबद्दल माझं उत्तर: दर ठरवणारी स्वतंत्र संस्था हवी, जिचा निर्णय सरकारवर बंधनकारक असेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये फौजदारी विधी सहाय्याचा आढावा घेणाऱ्या सर ख्रिस्तोफर बेलामी यांच्या अहवालाने फौजदारी फी किमान १५ टक्के वाढवा, आणि उशीर न करता वाढवा, असं सांगितलं. बॅरिस्टरांना (कोर्टात बाजू मांडणाऱ्या वकिलांना) ती वाढ मिळायला २०२२ मध्ये बेमुदत काम बंद करावं लागलं. सॉलिसिटरांना तेव्हा तेवढी दिलीच नाही. जानेवारी २०२४ मध्ये हायकोर्टाने तो निर्णय अतार्किक ठरवला. अहवालानंतर सल्लागार मंडळ नेमलं आहे, पण ते फक्त सल्ला देतं.

आणि हिशेबनीस, एक प्रश्न. इंग्लंड-वेल्समधले ४० टक्क्यांहून अधिक लोक अशा कौन्सिलच्या हद्दीत राहतात जिथे घराच्या प्रश्नावर विधी सहाय्य देणारी एकही फर्म नाही. काही भागांत टेंडर निघतं आणि पुरेसे अर्जच येत नाहीत. तिथे ७०-३० कोणात वाटणार?

सातारा_कोर्ट

तिथे तरी पगारी वकील बसवा. यावर वाद नसावा.

हिशेबनीस

तिथे टेंडर काढूच नये. लॉ सेंटरला थेट अनुदान द्या, पाच वर्षांसाठी, कार्यालयाच्या भाड्यासकट. सातारकरांचा पगारी वकीलही चालेल. आणि दर ठरवणारी बंधनकारक संस्था आली तर मी तिचं स्वागतच करेन, पण तीस वर्षांत ती आली नाही. लंडन, बर्मिंगहॅम, तुमचं लेस्टर, इथे मात्र एकाच रस्त्यावर चार-चार फर्म आहेत. तिथे दराला ३० गुण असावेत या मतावर मी कायम आहे.