चित्र वरून दुमडतंय, आयसी बदलू का?

प्रश्न: २१ इंची, पिक्चर ट्यूबचा कलर टीव्ही. चित्राचा वरचा भाग दुमडलाय आणि तिथेच पांढऱ्या आडव्या रेषा दिसतात. खालचा भाग नीट. हाइटचा प्रीसेट (चित्राची उंची जुळवायचा आतला छोटा स्क्रू) फिरवूनही रेषा जात नाहीत. व्हर्टिकल आयसी (चित्र वर-खाली पसरवणारी चिप) एलए७८४० आहे.

उत्तर १: आयसीला आत्ताच हात लावू नका. आधी पंप-अपचा (आयसीला जादा व्होल्टेज देणारा) कपॅसिटर बदला, बहुधा १०० मायक्रोफॅरडचा असतो. हीटसिंकजवळ (आयसीची उष्णता घेणाऱ्या पत्र्याजवळ) असल्यामुळे तो तापून सुकतो. मग पडद्यावर रेषा काढणारा इलेक्ट्रॉनचा बीम झटकन वर परतायला लागणारं जादा व्होल्टेज मिळत नाही, म्हणून वरच्याच रेषा दुमडतात. नवा ५० व्होल्ट, १०५ डिग्रीचा घ्या, ध्रुव बघून लावा. त्याच्याजवळचा डायोडही तपासा.

उत्तर २: बरोबर. शिवाय आयसीच्या पायांभोवती डाखात (सोल्डरमध्ये) बारीक गोल चीर दिसते का बघा, जुनं कथील काढून नवं भरा. ते तसंच राहिलं तर एक दिवस नुसती आडवी रेघ उरेल. तसं झालं तर लगेच स्क्रीनचा प्रीसेट (पडद्याचा उजेड ठरवणारा) कमी करा, नाहीतर फॉस्फर (पडद्याच्या आतला चमकणारा थर) जळतो.

उत्तर ३: प्लग काढल्यावरही मेन फिल्टर कपॅसिटरमध्ये (वीजपुरवठ्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये) ३०० व्होल्टच्या आसपास राहू शकतात. आधी मीटर लावून बघा, मगच कथील तापवा.