इनडायरेक्ट बाँडिंग: ट्रे काढताना खालचे ब्रॅकेट ट्रेसोबतच येतात, काय चुकतंय?

नमस्कार मंडळी. इंदुरात रामबागेजवळ माझं छोटं क्लिनिक आहे. इतकी वर्षं ब्रॅकेट (दात सरळ करायच्या तारेसाठी दातावर चिकटवायचे छोटे तुकडे) थेट तोंडातच लावले, पण आता मान बोलायला लागली म्हणून इनडायरेक्टकडे वळले. मॉडेलवर, म्हणजे पेशंटच्या दातांच्या प्रतिकृतीवर, निवांत बसून ब्रॅकेट लावायचे, ट्रेमध्ये (दातांवर बसणाऱ्या मऊ साच्यात) उचलायचे आणि एकदम तोंडात. ऐकायला किती सोपं!

तीन पेशंट झाले. वरच्या जबड्याची तक्रार नाही. खाली मात्र दर वेळी दोन-तीन ब्रॅकेट ट्रेबरोबर परत येतात, तेही 34, 35, 44, 45 या दातांचेच, म्हणजे दोन्ही बाजूंच्या प्रीमोलरचे (सुळ्यामागचे दोन-दोन दात). परवा धारच्या मुलीचे चारही आले. तिची आई शेजारीच उभी: "मॅडम, अभी तो चिपकाया था ना?" काय सांगणार! त्या मुलीच्या दातांवर फ्लोरोसिसचे (जास्त फ्लोराइडमुळे येणारे) पांढरे पट्टे आहेत, तीही शंका मनात आहेच.

माझी पद्धत: मॉडेलवर सेपरेटिंग मीडियमचे (मॉडेलला काही चिकटून बसू नये म्हणून लावायचा द्रव) दोन हात, तासभर वाळवणं, मग कॉम्पोझिटने (दातांत वापरायची राळ) ब्रॅकेट लावून क्युअर, म्हणजे ती घट्ट करणं. वरून व्हॅक्यूमवर मऊ शीट. ट्रे पाण्यात भिजवून सोडवते. तोंडात एचिंग, म्हणजे दात खरखरीत करायला 37% फॉस्फोरिक ॲसिड 30 सेकंद, धुऊन खडूसारखं पांढरं होईपर्यंत वाळवणं, दोन्हीकडे पातळ बाँड (चिकटवणारा द्रव), आणि ट्रे दाबून प्रत्येक दाताला 20 सेकंद लाइट.

सुटलेला 35 भिंगाखाली पाहिला. कॉम्पोझिटचा तळ शाबूत, दाताच्या उठावाचा हुबेहूब साचा. पण पृष्ठभाग चकचकीत आणि कडेला दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा, नखाने निघाला. दातावर कॉम्पोझिटचा कणही नाही. मग दोष लाळेचा की मीडियमचा?

वडोदऱ्याहून:
ताई, तो पापुद्रा मीडियमचाच. पावसाळ्यात तासाभरात काय वाळणार? मॉडेल आदल्या रात्री कोरडं करा, मीडियम एकच पातळ हात. थॉमसने 1979 मध्ये मांडलेली ही पद्धत, म्हणजे तळाचं कॉम्पोझिट मॉडेलवरच घट्ट करून घ्यायचं. त्यामुळे तोंडातला नवा बाँड जुन्या, घट्ट झालेल्या कॉम्पोझिटला धरतो. तो तळ गुळगुळीत असेल तर धरणार कशाला? ट्रे सुटला की कोमट पाण्यात ब्रशने घासा, मग 50 मायक्रॉन ॲल्युमिनाचा हलका फवारा. चकाकी गेली की थांबा, ब्रॅकेटच्या तळाची जाळी दिसेपर्यंत मारत बसू नका.

ग्वाल्हेरहून:
मीडियमचाच दोष असता तर वरचेही सुटले असते. खाली लाळ आहे, जीभ आहे, आणि तुम्ही सहापासून सहापर्यंत (इकडच्या पहिल्या दाढेपासून तिकडच्या पहिल्या दाढेपर्यंत) एकाच ट्रेत करता असं दिसतंय. शेवटच्या दाताला लाइट लागेपर्यंत पहिला ओला होऊन बसतो. ट्रे मध्यावर कापून अर्धा-अर्धा करा.
दुसरं, प्रीमोलरच्या ब्रॅकेटला हुक आहेत का? शीट हुकाखाली घुसते आणि ट्रे ओढला की ब्रॅकेटही ओढला जातो. आधी हुकाखालची फट मेणाने भरा, आणि ट्रे जिभेच्या बाजूने सोडवून गालाकडे सोलत आणा. तुम्ही कुठून ओढता?
फ्लोरोसिस असेल तर मी एचिंग दुप्पट वेळ ठेवतो.

धागाकर्ती:
गालाच्या बाजूने, सरळ वर! आणि हो, हुक आहेत. लिहिताना मलाच लाज वाटतेय.

आठ दिवसांनी सांगते: धारच्या मुलीचं माप पुन्हा घेतलं. मॉडेल रात्रभर वाळवलं, तळ फवारले, एचिंग 60 सेकंद, दोन अर्धे ट्रे. चारही राहिले. 45 च्या हुकाला मेण लावायला विसरले, तिथे ट्रे अडकला तो ब्लेडने कापून काढला. ब्रॅकेट हलला नाही. मुलीला पोह्यावरची शेव बंद सांगितली, तेव्हा मात्र तिचं तोंड उतरलं.

आता एकच अडचण. दोन अर्ध्या ट्रेमुळे 31 आणि 41 (खालचे अगदी मधले दोन दात) यांच्या ब्रॅकेटमध्ये उंचीचा किंचित फरक दिसतोय. कापताना कुणी मधल्या दातांवर ट्रेचा थोडा भाग दोन्हीकडे ठेवतं का, की दोन शीट वेगळ्या ओढता?