टोपी, खोळ की कुंची?

बेळगाव : नातीला वाढदिवसाला चित्रांचं पुस्तक मिळालं. लाल टोपीवाली मुलगी, आजारी आजी आणि लांडगा, तीच गोष्ट. चित्रं इतकी देखणी की रोज रात्री तेच काढायला लागतं. पण पहिल्याच पानावर मी अडखळते. मजकुरात ‘लाल टोपी’ आणि चित्रात डोकं, कान, मान झाकून पाठीवर उतरलेलं, हनुवटीखाली बंद बांधलेलं वस्त्र. टोपी कधी पाठीवर उतरते का? नात चित्रावर बोट ठेवून म्हणाली, “आज्जी, हिनं कुंची घातलीया की!” तिच्या बारशाला मी शहापूरच्या खडेबाजारातून खण आणून कुंची शिवली होती, टोकाला गोंडा लावून. तो फोटो भिंतीवर आहे. मला तिचाच शब्द बरोबर वाटतो. तुमचं काय मत?

निपाणी : ताई, ‘टोपी’ अगदीच चूक नाही. शार्ल पेरोच्या १६९७ च्या फ्रेंच पुस्तकात ‘शापरों’ आहे, म्हणजे डोक्यावरून खांद्यापर्यंत येणारं वस्त्र. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या जर्मन संग्रहात मात्र छोटी मखमली टोपीच आहे. पेरोकडं लांडगा पोरीला खातो आणि गोष्ट तिथंच संपते. शिकारी येऊन आजी-नातीला पोटातनं बाहेर काढतो तो ग्रिमकडं. तुमच्या पुस्तकात शिकारी असेल तर मजकूर ग्रिमचा आणि चित्र पेरोचं, असं झालंय.

खानापूर : कुंची तान्ह्या बाळाची हो. बाळंतविड्यात अंगडं, टोपडं, दुपटं यांच्या जोडीला येते. टोपडं कानांवर घट्ट बसतं, कुंची मागं सैल पडते, हे खरं. पण खाऊ घेऊन एकटी रान तुडवणारी पोर कुंचीत? आमच्याकडं पावसात घोंगड्याची खोळ घेतात. ‘लाल खोळ’ म्हणा की.

बेळगाव : दादा, शिकारी आहे! म्हणजे तुमचं बरोबर.
खोळीचा विचार मी दोन दिवस केला. आकार जुळतो. पण पाऊस थांबला की खोळीचं परत घोंगडं होतं. तिला बंद नसतात, ती कुणी कुणासाठी शिवत नाही. ग्रिमच्या गोष्टीत ती टोपी आजीनंच दिलेली, आणि पोरीला इतकी शोभायची की ती दुसरं काही घालेचना. म्हणून तर ते नाव पडलं. आजीनं नातीच्या डोक्यावर घातलेलं वस्त्र आपल्याकडं कुंचीच. वयाचं म्हणाल तर लहानपणी पडलेलं नाव मोठेपणी थोडंच सुटतं!
शेजारच्या कन्नड काकूंना चित्र दाखवलं. बघताक्षणी म्हणाल्या, “कुंचिगे.” लांडगा त्यांचा ‘तोळ’, आजी मात्र ‘अज्जी’च.
पुस्तकात ‘टोपी’च्या वर मी पेन्सिलीनं ‘कुंची’ लिहून ठेवलंय, सगळ्या पानांवर.