डेस्कटॉपवर वायरलेस हेडसेटचा आवाज तुटतो : उपाय सुचवावा (मर्यादा १००० रुपये)

कर्वेनगरकर : घरच्या डेस्कटॉपला यूएसबी ब्लूटूथ डोंगल लावून हेडसेट जोडला आहे. गाणी ऐकताना आवाज मध्येच तुटतो आणि ऑफिसची मीटिंग सुरू झाली की घोगरा होतो. कॅबिनेट टेबलाखाली असून डोंगल मागच्या बाजूला, बॅकअपच्या हार्ड डिस्कला लागूनच्या निळ्या पोर्टमध्ये आहे. मोबाइलवर हाच हेडसेट उत्तम चालतो. कृपया हजार रुपयांच्या आतील उपाय सुचवावा.

पेठी_खवचट : मोबाइलवर चालतो म्हणजे हेडसेट निर्दोष आहे, हे उघड आहे. तरीही माझा सल्ला असा की, एकदाच आठ हजार घालून चांगला हेडसेट घ्यावा. मी घेतला, तेव्हापासून तक्रार नाही.

वायरनिष्ठ : वायरचा हेडसेट घ्या. चार्जिंगची कटकट नाही आणि जोडणी तुटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

औंध_रहिवासी : शेजाऱ्यांचा मायक्रोवेव्ह तपासावा. ब्लूटूथप्रमाणे तोही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो.

पेठी_खवचट : शेजारी दिवसभर पापड भाजत बसतात काय?

सोल्डरगन : खरा संशयित ती हार्ड डिस्क आहे. यूएसबी ३.० च्या (म्हणजे निळ्या पोर्टच्या) जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो, हे इंटेलने २०१२ मध्येच दाखवून दिले आहे. त्यातच पत्र्याचे कॅबिनेट डोंगल आणि तुमचे डोके यांच्या मध्ये येते. साधी यूएसबी २.० एक्स्टेन्शन केबल घेऊन डोंगल टेबलावर आणा, संगणकाचे वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथच्या पॉवर मॅनेजमेंटखालील, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूण काढा. घोगरेपणाचे कारण मात्र वेगळे आहे. हेडसेटचा माइक चालू होताच ब्लूटूथ संगीताची पद्धत सोडून फोनच्या पद्धतीवर उतरते आणि आवाज मोनो होतो. त्यासाठी स्वतःच्या डोंगलसह येणारा हेडसेट घ्यावा लागेल, पण तो तुमच्या मर्यादेत बसणे कठीण आहे.

तपकीर_गल्ली_प्रेमी : नवे डोंगलच घ्या, पुण्यात तपकीर गल्लीत स्वस्त मिळते. मात्र खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, मला ब्लूटूथ ५.० म्हणून दिलेले डोंगल ४.० निघाले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर एलएमपी (ब्लूटूथची आवृत्ती ओळखण्याचा आकडा) ९ दिसले तर ५.०, आणि ६ दिसले तर ४.० समजावे. दुकानदाराने परत घेतले नाही, वर मलाच शहाणपण शिकवले.

औंध_रहिवासी : माझ्या मते डोंगल केबल लावून टेबलावर आणावे.

सोल्डरगन : तेच वर लिहिले आहे.

कर्वेनगरकर : सर्वांचे आभार. एक्स्टेन्शन केबलने डोंगल मॉनिटरशेजारी आणले, हार्ड डिस्क फक्त बॅकअपपुरती लावतो आणि गाणी आता सलग वाजतात. मीटिंगसाठी मात्र नवा हेडसेट न घेता वायरचा कॉलर माइक घेऊन गुलाबी पोर्टमध्ये लावला. विंडोजमध्ये इनपुट म्हणून तोच निवडल्यामुळे हेडसेटचा माइक सुरूच होत नाही आणि मीटिंगमध्येही आवाज स्टिरिओ राहतो. दोन्हींचा खर्च हजारांच्या आत भागला.

वायरनिष्ठ : म्हणजे शेवटी वायर लागलीच.

पेठी_खवचट : त्या आठ हजारांच्या हेडसेटची लिंक हवी असल्यास कळवावे.