लकाँटचं कूळ आणि बर्कलीची इमारत

खडूमास्तर:
काल इथे एकांनी लिहिलं, प्रा. जोसेफ लकाँट हा छळाला कंटाळून फ्रान्स सोडलेल्या ह्युगेनॉ (फ्रेंच प्रोटेस्टंट) निर्वासितांचा वंशज, भूशास्त्रातला ऋषी, आणि अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाने २०२० साली पदार्थविज्ञानाच्या इमारतीचं 'लकाँट हॉल' हे नाव काढून कृतघ्नपणा केला. वाचून राहवलं नाही. मूळपुरुष गियोम फ्रान्समधल्या रुआँहून आला, कबूल. पण जोसेफ जन्मला १८२३ साली जॉर्जियात, वुडमन्स्टनच्या मळ्यावर. वडिलांची वनस्पतींची बाग आणि घरातली रसायनशाळा यांचं कौतुक दोन परिच्छेद केलंत. ते वैभव ज्या भातशेतीवर उभं होतं, तिथे चिखलात राबणाऱ्या गुलामांवर एक ओळसुद्धा नाही! वंशावळ सांगायची तर अख्खी सांगा.

नदीकाठ:
तो धागा माझाच. जन्म कुठल्या घरात घ्यायचा हे कुणाच्या हातात असतं? हार्वर्डला निसर्गशास्त्रज्ञ अगासींकडे शिकला, जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनात शिकवलं, १८६९ला कॅलिफोर्निया विद्यापीठात (आजचं बर्कली) येऊन भूशास्त्र रुजवलं. सिएरा क्लब या निसर्गरक्षण संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. ही कमाई त्याची स्वतःची आहे.

खडूमास्तर:
मग अमेरिकन यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या कॉन्फेडरेट सरकारच्या नायटर ब्यूरोत बंदुकीच्या दारूच्या सोऱ्यासाठी राबला, तीही स्वतःचीच कमाई. आणि १८९२ मध्ये दक्षिणेतल्या वंशप्रश्नावर काळ्यांच्या मताधिकाराविरुद्ध लिहिलं, तेव्हा वय ६९. तिथे जन्माचा काय संबंध?

शेवंती:
घराण्यांचं असंच असतं. आमच्या कुलवृत्तांतात खापरपणजोबांनी विहीर बांधली याला पानभर जागा. आजीची सख्खी बहीण मात्र 'एक कन्या' एवढीच. नाव नाही! आणि आमची खोती होती, म्हणजे कोकणातली गावाच्या सारावसुलीची वतनदारी. विहीर खणली जमीन कसणाऱ्या कुळांनी, वेठीवर. आजी सांगायची, भात झोडून झाल्यावर त्यांच्या घरी पेजेपुरतंही उरायचं नाही. हे छापा म्हटलं तर काका दोन वर्षं बोलत नाहीत.

नदीकाठ:
खोती कुठून आली मध्येच? कुळाला बाजारात उभं करून विकत नव्हते. पोरं आईपासून तोडून विकली जात नव्हती. उगाच पूर्वजांना शिव्या घालायची फॅशन झालीय.

रानमेवा:
फॅशन? १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, ते काय हौस म्हणून? माझे आजोबा कूळ होते. खोताच्या अंगणात चप्पल हातात घेऊन उभे राहायचे. तुम्ही वरून बघता, आम्ही खालून बघितलंय.

शेवंती:
विकत नव्हते, तेवढं मान्य. म्हणून वेठ सोसण्यासारखी होते का?

नदीकाठ:
सगळे एका बाजूने तुटून पडलात, चालू द्या. मळ्यावरच्या माणसांबद्दल लिहायला हवं होतं, ठीक आहे, लिहीन. पण इमारतीचं नाव काढणं मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

खडूमास्तर:
नका पटवून घेऊ. त्याची भूशास्त्राची पुस्तकं कुणी ग्रंथालयातून काढलेली नाहीत. गोऱ्यांच्या बरोबरीने मत द्यायला तो ज्यांना लायक समजला नाही, त्यांची पतवंडं आज तिथे पदार्थविज्ञान शिकायला येतात. त्यांनी रोज त्याच नावाखालून आत जावं, हा हट्ट कशासाठी?

शेवंती:
मूळ विषयाचं होऊ द्या तुमचं. रानमेवा, तुमचं गाव कुठलं? वेठीच्या आठवणी सांगणारं तिथे अजून कुणी असेल तर मला लिहून घ्यायच्या आहेत.