मदत हवी आहे: डोंगरावरच्या वस्तीत पाऊस मोजायचाय

नमस्कार मंडळी, मी घाटकोपरला डोंगरउतारावरच्या वस्तीत मुलांचा संध्याकाळचा वर्ग घेते. ज्वालामुखीचा धडा शिकवताना इक्वेडोरच्या तुंगुरावाबद्दल वाचलं आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

1999 मध्ये तो जागा झाला, पायथ्याचं बान्योस गाव ऑक्टोबरात रिकामं करायला लावलं, पण घरंदारं, गुरं, शेतं सगळी मागेच, मग जानेवारी 2000 मध्ये लोक सैन्याला न जुमानता परत घरी गेले. त्यानंतर शास्त्रज्ञांनी उतारावरच्या शेतकऱ्यांनाच सोबत घेतलं, वायरलेस सेट दिले. रोज रात्री आठला एकेकाची हजेरी, राख किती पडली, आवाज कसा येतोय, ओढ्यातून चिखल उतरतोय का. कारण राखेवर जोराचा पाऊस झाला की दगडधोंड्यांसकट चिखलाचा लोंढा येतो, आणि ढगांमुळे डोंगर दिसतच नाही तेव्हा वर राहणाऱ्याचे कानच कामाला येतात. 2006 च्या ऑगस्टात मोठा स्फोट झाला तेव्हा यांच्या निरोपावर कितीतरी माणसं वेळेत बाहेर पडली.

आपल्याकडे ज्वालामुखी नाही (मुंबईचा काळा दगड लाव्हाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा), पण दरड आहे ना! 18 जुलै 2021 ला चेंबूर-विक्रोळीला रात्रीच्या पावसात दरड, भिंत, घरं कोसळून माणसं गेली. आमच्याकडे त्या रात्री कोणी झोपलं नव्हतं.

तर नववी-दहावीच्या मुलांना घेऊन वस्तीत पाच-सहा ठिकाणी पाऊस मोजायचा विचार आहे. प्लास्टिकच्या सरळ बाटलीला पट्टी चिकटवून चालेल का, आणि पत्र्यांच्या दाटीत ती ठेवायची कुठे, पागोळ्यांचं पाणी आत नको यायला. भिंतीची भेग रुंदावतेय का हे बघायला काय सोपं करता येईल? लाइट गेली की नेटवर्कही जातं, मग व्हॉट्सॲप काय कामाचं, साधा वॉकीटॉकी विनापरवाना वापरता येतो का?

आणि सगळ्यात मोठी अडचण, आकडे सांगायचे कोणाला? तिकडे रात्री आठला पलीकडून कोणीतरी ऐकत असतं म्हणून तर ते इतकी वर्षं चाललं. मुलं दोन आठवडे लिहितील, कोणी विचारलंच नाही तर वही बंद. इथे कोणी भूगर्भशास्त्र शिकवणारं, शिकणारं असेल तर पावसाळ्यात रोज पाच मिनिटं द्याल का? किती पावसाला सावध व्हायचं तेही मनाने नाही ठरवायचं मला. प्लीज व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, जून यायच्या आत सुरू करायचंय.